पाचवी हीट

हाल्वर नोर्लेनला मेल्करचा हेवा वाटत होता आणि ही गोष्ट सगळ्या ग्रान्सेले गावाला माहीत होती. दुकानातल्या बाईला माहीत होती, स्कीची वाट दाबणारं यंत्र चालवणाऱ्याला माहीत होती, क्लबच्या कुत्र्यालासुद्धा माहीत असावी. एकट्या हाल्वरला वाटायचं, की आपण ते छान लपवलंय.

हाल्वर एकतीस वर्षांचा. स्कीच्या शर्यतीतला स्प्रिंटवाला. पन्नास-पन्नास किलोमीटर जंगलातून जाणारे ते वेगळे, त्यांचं एकदा निघाले की दोन तासांनी नाव घ्यायचं. स्प्रिंटवाल्याचं तसं नाही. दीड किलोमीटर, तीन मिनिटं, तेवढ्यात जीव काढायचा. मग थोडा दम खायचा आणि परत जीव काढायचा. नशीब जोरावर असेल तर एका दिवसात चार वेळा.

विसाव्या वर्षी तो देशाच्या संघात गेला. तेविसाव्या वर्षी वर्ल्ड कपात एकदा तिसरा आला. तो फोटो क्लबात कॉफीच्या यंत्राच्या वर अजून लटकतोय, वाफेनं खालचा कोपरा पिवळा पडलाय. मग एका उतारावर खांदा निखळला, दोन हिवाळे गेले. परत आला तो सातवा, नववा, आठवा असा यायला लागला. संघाच्या यादीत नाव असायचं, पण ते शोधायला खालून वर वाचावं लागायचं.

खरं सांगायचं तर हेवा त्याच्या अंगात पहिल्यापासून होता. दहाव्या वर्षी शेजारच्या पोराच्या लाल स्कीचा हेवा. सतराव्या वर्षी दालार्नाच्या पोरांचा, कारण त्यांच्याकडे संध्याकाळीसुद्धा दिव्यांची वाट होती आणि ह्याला कपाळावर बॅटरी बांधून पळावं लागायचं. लोक सकाळी लापशी खाऊन बाहेर पडतात, हाल्वर हेवा खाऊन पडायचा. आणि त्याच्यावर चांगला पळायचाही.

पण ती सगळी लांबची माणसं होती. मेल्कर घरात आला होता.

मेल्कर ओहमान, बावीस वर्षांचा. चौदाव्या वर्षी पलीकडच्या गावातून क्लबात आला तेव्हा हाल्वरपुढे टोपी धरून म्हणाला होता, "ह्याच्यावर सही कर ना." हाल्वरनं सही केली. वर त्याला उताराच्या वळणावर छोटी छोटी पावलं टाकून आतली बाजू कशी मारायची तेही शिकवलं. पुढे कित्येक वर्षं त्या शिकवण्याचा त्याला पश्चात्ताप झाला, कारण पोरगं ते वळण त्याच्यापेक्षा चांगलं मारायला लागलं.

आता शनिवारी ओस्टरसुंदला राष्ट्रीय स्पर्धेची स्प्रिंट होती. फेब्रुवारीत इटलीला जागतिक स्पर्धा. स्प्रिंटच्या संघात एकच जागा उरली होती आणि निवड करणारा माणूस रेडिओवर सरळ बोलला, "नोर्लेन किंवा ओहमान. शनिवारी जो पुढे जाईल तो येईल."

रेडिओवर. म्हणजे कुत्र्यानंही ऐकलं.

*

शुक्रवारी सकाळी हाल्वर वडिलांच्या शेडमध्ये शिरला. एव्हर्ट टेबलावर वाकून स्कीवरचं मेण खरवडत होता. वय सदुसष्ट, बोटं मेणानं गुळगुळीत झालेली. हाल्वर आठ वर्षांचा असल्यापासून त्याच्या स्कीला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. संघाची पगारी माणसं मेण लावायला असायची तेव्हाही एव्हर्ट आदल्या दिवशी फोन करून त्यांना पिडायचा. पण गेले दोन हिवाळे क्लबात दुसरं कोणी नव्हतं म्हणून तो मेल्करच्याही स्की करायला लागला होता.

"कोणाच्या आहेत ह्या?" हाल्वरनं विचारलं.

"मेल्करच्या."

"आधी त्याच्या?"

"त्याच्या जास्त घाण होत्या."

मेल्कर कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसून कॉफीत टाकलेले चीजचे तुकडे चमच्यानं काढून खात होता. चीज दातांखाली किचकिच वाजत होतं. "म्हाताऱ्या," तो म्हणाला, "ह्या चीजपेक्षा तुझं मेण मऊ असेल."

एव्हर्ट हसला. चांगला खांदे हलवून हसला. हाल्वरनं आठवून पाहिलं, आपल्या विनोदावर पप्पा कधी हसला होता? मग आठवलं, की आपण विनोद करतच नाही. तरी राग गेला नाही.

मग एव्हर्ट आणि मेल्कर घरामागच्या उतारावर स्की तपासायला गेले. तपासायची रीत जुनीच आहे. दोघांनी दोन वेगळ्या जोड्या घालायच्या, एकमेकांचा हात धरून शेजारी शेजारी घसरायचं आणि वेग आला की हात सोडायचा. जो पुढे सरकेल त्याची जोडी चांगली. हाल्वर शेडच्या खिडकीतून बघत होता. म्हातारा आणि पोरगं हातात हात घालून खाली चाललेत, मध्ये हात सोडतायत, मेल्कर दोन हात पुढे जातोय, परत वर येतायत, परत हात धरतायत.

एकतीस वर्षांचा बाप्या खिडकीत उभा राहून मनात म्हणत होता, तो हात माझा आहे.

परत आल्यावर एव्हर्टनं ती जोडी भिंतीला लावली आणि म्हणाला, "चांगली आहे."

चांगली! ग्रान्सेलेत असं कोणी बोलत नाही. तिथे लग्नाच्या जेवणालाही 'खाण्यासारखं होतं' म्हणतात. हाल्वर वर्ल्ड कपात तिसरा आला त्या दिवशी एव्हर्ट फोनवर म्हणाला होता, "वाईट नाही. तिकडे थंडी किती आहे?" बस. तेवीस वर्षांची कमाई, 'वाईट नाही'. आणि ह्याच्या लाकडाला चांगली.

"माझ्या कधी करणार?" हाल्वर म्हणाला.

"तुझ्या कालच झाल्या. त्या बघ मागे. डोळे फुटले का?"

दुपारी पाल्ट केले होते. बटाट्याचे मोठे गोळे, आत डुकराचं मटण, वर लोणी, बाजूला लिंगनबेरीचा मुरांबा. मेल्करनं पाच खाल्ले. हाल्वरनं दोन खाऊन ताट सरकवलं.

"उद्या पहिली हीट घेशील ना?" मेल्करनं तोंडात घास ठेवून विचारलं. "तू नेहमी पहिलीच घेतोस."

"बघू."

"घेशीलच. तूच तर शिकवलंस मला, पहिल्या हीटवाल्याला सेमीच्या आधी जास्त आराम मिळतो. शेवटच्या हीटवाल्याला थुंकी गिळायलाही वेळ नसतो."

"बघू म्हटलं ना."

एव्हर्टनं मेल्करच्या ताटात न विचारता अजून लोणी टाकलं. तेही हाल्वरनं पाहिलं.

*

शनिवारी उणे चौदा, कोरडी थंडी, बर्फ बुटाखाली करकरत होता. सकाळी पात्रता फेरी झाली. एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध पळायचं, पहिले तीस पुढे. मेल्कर चौथा आला. हाल्वर सातवा.

मग हीट निवडायची वेळ आली. तीस जण, क्वार्टरफायनलच्या पाच हीट, प्रत्येकीत सहा. प्रत्येक हीटमधले पहिले दोघं सेमीत. शिवाय सगळ्या हीट मिळून, मागे राहिलेल्यांपैकी ज्या दोघांची वेळ सगळ्यात चांगली ते दोघंही सेमीत. सकाळी जो वेगात पुढे, तो आपली हीट आधी निवडतो. तंबूत मोठा फळा होता, आपल्या नावाची पट्टी उचलून हव्या त्या रकान्यात लावायची.

पहिल्या तिघांनी दुसरी, पहिली, दुसरी अशी घेतली. मेल्करनं पट्टी उचलली, क्षणभर हातात धरली आणि पाचवीत लावली. तंबूत दोघं-तिघं हसले. चौथा आलेला माणूस शेवटची हीट घेतो, पोरगं झोपेत आहे का?

क्लबची कोच गुनेल हाल्वरच्या मागे उभी होती. साठीची बाई, तरुणपणी स्वतः पळालेली, बोलायला लागली की समोरचा आपोआप ताठ उभा राहायचा. ती त्याच्या कानाशी म्हणाली, "पहिली रिकामी आहे. एकच दणकट माणूस आहे तिच्यात. डोळे मिटून पहिली घे."

हाल्वरलाही ते दिसत होतं. पहिली घेतली की सेमी जवळजवळ खिशात. पण मग मेल्कर पाचवीतून येणार, हा पहिलीतून येणार, दोघंही सेमीत. सेमीत तो पुढे गेला तर? इटली त्याची. शेड त्याची. सगळंच त्याचं. आणि पाचवीत गेलो तर? तिथेच त्याला तिसरा टाकता येईल. क्वार्टरमध्येच खलास. रेडिओवर सांगायलाही काही उरणार नाही.

पाच हीटमध्ये तीस माणसं होती, हाल्वरला एकच दिसत होता.

त्यानं पट्टी पाचवीत लावली.

बाहेर आल्यावर गुनेलनं त्याची बाही धरली. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"माझं मी बघतो."

"तू तुझं कुठे बघतोयस? तू त्याचं बघतोयस!"

"गुनेल, मला गरम व्हायचंय. सोड."

"हो बाबा, हो गरम. आधीच धूर निघतोय."

*

पाचवी हीट.

बंदूक वाजली तसा हाल्वर सुटला. असा सुटला, की बाकीचे पाच जण जागेवरच आहेत असं वाटावं. स्प्रिंटचा शहाणा माणूस आधी मागे बसतो, पुढच्याला वारा कापू देतो आणि शेवटच्या दोनशे मीटरला निघतो. हाल्वर अकरा वर्षं तेच करत आला होता. पण मागे बसलेल्या मेल्करला दमवायचं तर पुढून ओढलंच पाहिजे. पहिल्या चढावर त्यानं काठ्या अशा मारल्या, की बर्फाचे तुकडे मागच्याच्या तोंडावर उडाले. मागे बघितलं. मेल्कर आहे. उतार, वळण. परत मागे बघितलं. मेल्कर आहेच, आणि वळणावर तर अजून जवळ आलाय, हरामखोर. दुसऱ्या चढावर मांड्यांत आग लागली, तोंडात रक्ताची चव आली, तरी तो ओढत राहिला. परत बघितलं. आता एक पाऊल मागे पडला होता.

शेवटच्या सरळ रस्त्यावर सुन्डस्वालचा एक लांबटांग्या उजवीकडून वर आला आणि मेल्करच्या पुढे गेला. हाल्वर पहिला. लांबटांग्या दुसरा. मेल्कर बुटाच्या टोकानं तिसरा.

हाल्वर बर्फावर पडला आणि पडल्या पडल्या हसला. बऱ्याच वर्षांत त्याला इतकं गोड काही लागलं नव्हतं. मेल्कर शेजारीच आडवा झाला होता, छाती भात्यासारखी चालली होती. हाल्वरनं हात लांब करून त्याच्या खांद्यावर थोपटलंसुद्धा. "होतं असं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी."

मग फळ्यावर वेळा आल्या.

पाचवी हीट दिवसातली सगळ्यात जलद हीट होती. बाकीच्या चार हीटमध्ये सगळे शहाण्यासारखे एकमेकांच्या मागे लपत गेले होते, त्यामुळे त्यांचे तिसरे-चौथे चार-पाच सेकंदांनी मागे. वेळेच्या जोरावर पुढे जाणाऱ्या दोन जागांपैकी पहिलं नाव लागलं: ओहमान, मेल्कर.

दुसरं नावही पाचवीतल्याच चौथ्याचं होतं. हाल्वरनं त्यालाही फुकटात ओढून आणलं होतं.

मेल्कर उठून बसला, फळा बघितला आणि असा ओरडला, की प्रेक्षकांतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. हाल्वर आडवाच होता. आकाश बघत होता. आकाशात काही नव्हतं.

गुनेल वरून वाकली. "ऊठ. अठरा मिनिटांत सेमी आहे. नवरदेवाला खांद्यावर घेऊन मांडवात सोडलंस, आता वरातीत नाच."

*

दोघंही दुसऱ्या सेमीत. तंबूत मेल्कर दोन कप ब्लूबेरीचं गरम सूप घेऊन आला, एक हाल्वरच्या हातात दिला आणि शेजारी बसला. हाल्वरचे पाय थरथरत होते, ते लपावेत म्हणून त्यानं मांडीवर जाकीट टाकलं.

"तू पाचवी का घेतलीस?" हाल्वरनं विचारलं.

"म्हातारा म्हणाला."

"कोण? पप्पा?"

"हो ना. सकाळी मला बाजूला घेतलं. म्हणाला, हाल्वरला पहिली लागते, त्याच्या पायांना आता आराम जास्त लागतो, तू शेवटची घे. तू तरुण आहेस, तुला चालेल." मेल्करनं सूपचा घोट घेतला. "मला रागच आला होता. मी चौथा आलो आणि मी का शेवटची घेऊ? पण दोन वर्षं स्की करतोय माझ्या, एक पैसा घेत नाही. नाही कसं म्हणणार?"

 हाल्वरनं कप तोंडाशी नेला, पण प्यायला विसरला.

"तुझं बरंय," मेल्कर म्हणाला. "माझा बाप अजून म्हणतो, स्कीवर कुठे जातोस, बस आहे ना."

एरवी हाल्वर हसला असता. "मेल्कर, मी पाचवीत तुला पाडायला आलो होतो."

"माहीत आहे."

"गुनेल बोलली?"

"छे. तू तीनदा मागे बघितलंस. पुढे पळणारा माणूस मागे बघतो का? मग म्हटलं, बघतोय तर बघू दे. आपण बसू ह्याच्या पाठीला चिकटून. एवढं वारं माझ्यासाठी फुकटात कोण अडवणार?"

म्हणजे पोरगं भोळंही नव्हतं. हाल्वरला वाटलं होतं, निदान लबाडीत तरी आपण वरचढ आहोत. तेही गेलं.

तंबूच्या दाराशी एव्हर्ट स्की घेऊन उभा होता. हाल्वर उठून त्याच्यापाशी गेला.

"तू त्याला पाचवी घ्यायला सांगितलंस?"

"हं."

"माझ्यासाठी?"

"मग काय कुत्र्यासाठी?" एव्हर्टनं स्की त्याच्या पायाशी ठेवल्या. "पहिली तुझी होती. हातात दिली होती. पाय इकडे कर, बर्फ अडकलाय."

आणि म्हातारा गुडघ्यावर बसून पोराच्या बुटाखालचा बर्फ खरवडायला लागला. हाल्वर खाली बघत राहिला, त्या पांढऱ्या डोक्याकडे. बोलायचं खूप होतं. बंदुकीला सहा मिनिटं होती.

सेमी सांगण्यासारखी नाही. पहिल्या चढापर्यंत हाल्वर तिसरा होता. मग पाय संपले. थकणं वेगळं आणि संपणं वेगळं. ज्यांचे कधी संपलेत त्यांना कळेल. दुसऱ्या चढावर तो जवळजवळ चालत होता आणि पुढे मेल्करची पाठ लहान लहान होत होती. त्यानं रेषा ओलांडली तेव्हा मेल्कर कधीच काठ्या वर करून उभा होता. मेल्कर दुसरा, फायनलमध्ये. हाल्वर सहावा.

फायनलमध्ये मेल्कर चौथा आला. हाल्वर कुंपणाला टेकून बघत होता आणि शेवटच्या वळणावर आपण "आतून! आतून घे!" असं ओरडतोय हे त्याला घसा दुखायला लागल्यावर कळलं. कारण अगदी साधं होतं. सहाव्याकडून हरण्यापेक्षा चौथ्याकडून हरणं बरं.

*

संघनिवड करणारा माणूस गाड्यांच्या तळावर आला तेव्हा हाल्वर व्हॅनच्या मागे स्की चढवत होता. आधी हवापाण्याचं बोलला, खांद्याचं विचारलं. मग म्हणाला, "इटलीला मेल्कर येणार हे तर झालंच. पण राखीव एक लागतो. तू ये. कोणी आजारी पडलं तर तू पळशील. खोली मेल्करबरोबरच देऊ, एकाच क्लबचे आहात."

एक काळ असा होता, की हाल्वर राखीवलाही कुत्र्यासारखा धावत गेला असता. आताही त्याच्या तोंडात 'हो' आलं होतं. मग त्याला ती खोली दिसली. दोन खाटा. एकीवर मेल्कर झोपलाय. दुसरीवर हाल्वर पडून कान देऊन ऐकतोय, श्वास जड आहे का? रोज सकाळी विचारतोय, घसा कसा आहे? आणि तो 'छान' म्हणाला, की आत काहीतरी खाली बसतंय. दोन आठवडे. चौदा सकाळी.

"नाही येत," हाल्वर म्हणाला.

"का? खांदा?"

"खांदा बरा आहे. मी आलो तर रोज देवाकडे त्याचा ताप मागेन."

तो माणूस मोठ्यानं हसला. हाल्वर हसला नाही. मग त्याचंही हसणं मध्येच थांबलं. हातातली वही त्यानं ह्या हातातून त्या हातात घेतली. "मी लिहितो, वैयक्तिक कारण," तो म्हणाला.

"लिही."

एव्हर्ट व्हॅनच्या पलीकडून सगळं ऐकत होता. तो माणूस गेल्यावर म्हणाला, "जायचं होतंस. फुकटात इटली बघितली असतीस."

"पप्पा, मला त्याचा हेवा वाटतो."

"हे काय आज कळलं तुला?" एव्हर्ट म्हणाला आणि दोऱ्या आवळायला लागला. मग हात न थांबवता, दोरीकडेच बघत, "मी त्याच्या स्की करतो म्हणून?"

"त्यानंही."

एव्हर्ट दोरीची गाठ परत परत घट्ट करत राहिला. "त्याचं करणारं कोणी नाहीये रे."

"माहीत आहे," हाल्वर म्हणाला. "तरी वाटतो."

त्याच्याहून खरं काही त्याच्याकडे नव्हतं. जळणं कमी झालं नव्हतं. समोर पोरं मेल्करपुढे टोप्या धरून उभी होती, सह्या चालल्या होत्या आणि हाल्वर आताही त्या मोजत होता. फरक एवढाच, की आता ह्या जळण्याला इटलीत खोली घेऊन द्यायची नव्हती.

मेल्कर सह्या उरकून धावत आला, गालांवर बर्फ, एका हातात फुलं. "अरे, ते म्हणतायत तू राखीवला नाही म्हणालास! का?"

"तुला ताप येईल म्हणून."

"मला कुठे ताप आलाय?"

"तेच तर," हाल्वर म्हणाला. "येऊ देऊ नकोस."

मेल्कर त्याच्याकडे बघत राहिला. आधी हसायला गेला, मग समजला आणि कानांपर्यंत लाल झाला. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण एव्हर्टनं आतून हॉर्न वाजवला, घरी पोचायला चार तास होते आणि फुलं कुठे ठेवायची ते कोणालाच सुचत नव्हतं.